नॉटिंगहॅमहून आलेली दादा

साठच्या दशकात मी नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये मिडवाइफ होते. मूळची मी नगरकडची. घर ख्रिस्ती, आई मिशनच्या दवाखान्यात आया, त्यामुळे गोऱ्या मिशनरी मडमा मी लहानपणापासून पाहिलेल्या. उन्हानं लालबुंद झालेल्या, डोक्यावर हॅट, आणि मराठी बोलताना पाटलांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांना बिनदिक्कत ‘अरे तू’ म्हणणाऱ्या. मिशनरी म्हणजे अशीच असते, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की एक दिवस आपल्यालाच कुणी मिशनरी म्हणेल हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

मी राहायची त्या रस्त्याच्या टोकाला एक लहान चॅपल होतं. रविवारी ड्यूटी नसली की साडीवर ओव्हरकोट चढवून मी तिथे जायची. या चॅपलचेच एक मेंबर केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘आमच्या बाळंतपणाच्या वॉर्डात हात कमी पडतात. आणि पाणी अजून डोक्यावरून आणावं लागतं. कुणी महिनाभर आलं तरी पुष्कळ होईल.’

सगळे हळहळले. मग ऑर्गन वाजवणाऱ्या बाई कप खाली ठेवून म्हणाल्या, ‘मी येते.’ या बाई रिटायर झालेल्या शिक्षिका, सहा फूट उंच आणि कुणाचं न ऐकणाऱ्या. त्यांच्यामागे एक प्लंबर उभे राहिले. चॅपलचे पाळक तर जाणारच होते. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘मग तू कधी हो म्हणणार? मिडवाइफ तूच आहेस ना?’

माझी सुट्टी शिल्लक होती, पण ती मी नगरला जाण्यासाठी जपून ठेवलेली. आईला कसं कळवायचं या विचारानं मी आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी कळवलं. आईचं उत्तर आलं: ‘जा की. आपल्याकडे परक्या मुलखातून माणसं आली, तेव्हा त्यांच्या आया नाही म्हणाल्या असत्या तर? मी काय कुठं पळून चाललेय?’

चॅपलच्या बायकांनी विणकाम काढलं. आफ्रिकेतल्या बाळांसाठी लोकरीच्या टोप्या, लोकरीचे बनियन, लोकरीचे मोजे. विषुववृत्तावर लोकर! मी मनातल्या मनात हसत होते. डॉक्टरांनी समजावलं, की हॉस्पिटल डोंगरावर आहे, सकाळी दात वाजतात. ट्रंक भरली तेव्हा झाकण बसेना, म्हणून ऑर्गनवाल्या बाई त्यावर बसल्या.

संध्याकाळी चॅपलच्या हॉलमध्ये डॉक्टर आम्हाला थोडी स्वाहिली शिकवायचे. बाकीचे घाम गाळत होते आणि मी मजेत होते. चहाला चाय, साबणाला साबुनी, साखरेला सुकारी, दुकानाला डुका, औषधाला चक्क दावा. मी पहिला नंबर मारणार अशी सगळ्यांची खात्री झाली. पण पुढचा धडा नात्यांचा निघाला. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! माझं डोकंच फिरलं. पाळक मला ‘दादा’ म्हणून हाक मारायचा सराव करायला लागले आणि मला दर वेळी माझा मिशाळ थोरला भाऊ आठवायचा.

आम्ही पोचलो तेव्हा हॉस्पिटलच्या दारात तिथली नर्स उभी होती. माझ्याच वयाची, गालाला खळी, आवाज असा खणखणीत की कुजबुजली तरी पुढच्या वॉर्डात ऐकू जाईल. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘कारिबु, दादा!’ म्हणजे ये, ताई. त्या दिवसापासून मी सगळ्या हॉस्पिटलची दादा झाले.

गावाची गोष्ट मात्र वेगळी होती. दुसऱ्या दिवशी मी सुती साडी नेसून बाजारात गेले, तर एक बाई पिशवी पुढे करून म्हणाली, ‘सुकारी?’ मला वाटलं ती मला साखर देतेय. मी ‘असांते’ म्हणून आभार मानले. ती गोंधळली. मग दुसरी आली, तिला साबण हवा होता. तिसऱ्या माणसानं रॉकेलची रिकामी बाटलीच माझ्या हातात दिली. तेव्हा उजेड पडला. त्या गावात साडी नेसणाऱ्या बाया एकाच घरात होत्या, गुजराती दुकानदाराच्या. मिशनरी म्हणजे गोरी आणि साडी म्हणजे दुकान, हा लोकांचा हिशेब सरळ होता. माझा तरी कुठे वेगळा होता? ऑर्गनवाल्या बाईंनी हे ऐकलं आणि हसून हसून त्यांचा चष्मा खाली पडला.

बातमी दुकानापर्यंत पोचली. दोन दिवसांनी दुकानदाराची बायको मला बघायला स्वतः आली. विशीतली, नाजूक चणीची, दिवस भरत आलेले. ती गुजरातीत, मी हिंदीत, असं आमचं सुरू झालं.

‘बेन, तुम्ही गुजराती?’

‘नाही, मराठी.’

‘मग हिंदू?’

‘ख्रिस्ती.’

ती विचारात पडली. माझ्या पदराकडे, बांगड्यांकडे, मोकळ्या कपाळाकडे पाहून तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, ‘पण डाळीला मोहरीची फोडणी देता ना?’

‘देते की.’

‘मग ठीक,’ ती म्हणाली आणि माझ्या शेजारी बसली.

हळूहळू तिनं मन मोकळं केलं. पहिलं मूल घरीच झालं होतं आणि जगलं नव्हतं. या खेपेला सासू तिला नैरोबीला नणंदेकडे पाठवणार होती. मिशन हॉस्पिटल चालून जाण्याइतकं जवळ, पण सासूच्या मते तिथे बाळाच्या गळ्यात जन्मताच क्रूस घालतात. मी म्हटलं, ‘आमच्याकडे बाळाला घालायला फक्त लोकरीची टोपी आहे. ती मात्र भरपूर आहे.’ ती खुदकन हसली.

मी तिचं पोट तपासलं. बाळाचं डोकं वर होतं, बरगडीपाशी. मूल पायाळू येणार. मी नर्सला बोलावलं, तिनंही हात फिरवला आणि मान हलवली. अशा अवस्थेत खाचखळग्यांच्या रस्त्यानं नैरोबी म्हणजे विषाची परीक्षा. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी दुकानात गेलो. सासूबाई गल्ल्यामागे बसल्या होत्या. त्यांनी चहा दिला, चिवडा दिला, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘परवा नैरोबीला जाईल.’

पण बाळानं परवाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानाचा पिकअप हॉर्न वाजवत आवारात शिरला. मागे साखरेच्या पोत्यांवर गादी टाकलेली, तिच्यावर सून, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन सासूबाई. डॉक्टर नेमके नदीपलीकडच्या गावी गेलेले. सासूबाई खाली उतरल्या आणि माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी त्यांचे हात खाली केले आणि सुनेला आत घेतलं.

मला वाटत होतं, ही मुलगी आता माझ्या जिवावर आहे, कारण तिची भाषा थोडीफार कळणारी तिथे मी एकटीच. झालं भलतंच. ती जन्मली-वाढली केनियात. कळा सुरू झाल्या तशी ती आणि नर्स फाडफाड स्वाहिलीत बोलायला लागल्या. नर्स तिला चिडवत होती, दम देत होती, मधेच कसलीतरी गंमत सांगत होती, आणि ती मुलगी कळ ओसरली की हसत होती. खोलीत काही न कळणारी मीच. मला एकच शब्द ओळखू यायचा, ‘सुकुमा!’ म्हणजे जोर कर.

पायाळू बाळंतपणात सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न लावणं. बाळ आपल्या गतीनं येऊ द्यायचं, ओढायचं नाही. आधी पाय आले, मग कंबर. मी हात पुसून वाट पाहत होते. नर्सनं आईची मान सावरली. खांदे सुटले. मग डोकं अडकल्यासारखं वाटलं. तो क्षण किती लांबला, सांगता येत नाही. मी बोटं आत सरकवली, नर्सनं वरून पोटावर हलका दाब दिला, आणि मुलगी बाहेर आली. निळसर, गप्प. मी तिची पाठ चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा चोळली. आणि ती असं काही रडली, की बाहेर पाईपसाठी चर खणणारे प्लंबर फावडं टाकून खिडकीशी आले.

‘मुलगी आहे,’ मी सासूबाईंना जरा भीतभीतच सांगितलं.

‘दोघी जगल्या ना?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी पदराची गाठ सोडून गुळाचा खडा काढला, आधी नर्सच्या तोंडात घातला, मग माझ्या. बाळाला पिवळी टोपी घातली, तर ती नाकापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी परातभर पेढे आले. सगळ्या वॉर्डात वाटले. नर्सच्या भावंडांना गेले, ऑर्गनवाल्या बाईंनी दोन लपवून ठेवले. प्लंबर मात्र कंबर धरून खाटेवर पडले होते. खणताना उसण भरलेली. सासूबाईंनी त्यांना पाहिलं आणि मला विचारलं, ‘यांना काय झालं?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, मग घरात पायाळू मूल असताना हा माणूस कण्हतो कशाला?’

मला कळलं पुढे काय होणार. आमच्याकडेही पायाळू माणसाचा पाय लावून उसण काढतात. मी प्लंबरना एवढंच सांगितलं, की पालथे व्हा आणि हलू नका. सासूबाईंनी एका दिवसाच्या त्या मुलीची इवलीशी टाच त्यांच्या कमरेला तीनदा लावली. प्लंबर उशीत तोंड खुपसून म्हणाले, ‘हे कुणी आमच्या चॅपलमध्ये सांगू नका.’ दाराशी पाळक उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि धर्मशास्त्र यांची झटापट चाललेली.

सकाळी प्लंबर उठून चालायला लागले. ‘विश्रांतीनं बरं वाटलं,’ ते म्हणाले. पण त्या दिवशी ते बाळाला भेटायला दोनदा गेले.

त्यांची खरी अडचण वेगळीच होती. पुढचे तीन आठवडे गेले तरी पाईपांची पेटी मोंबासाच्या बंदरातच अडकलेली आणि आमचा महिना सरत आलेला. दुकानदारानं हे ऐकलं, शेजारच्या गावातल्या चुलतभावाकडे माणूस धाडला, आणि दोन दिवसांत पिकअपभर पाईप दारात. निघायच्या आदल्या सकाळी वॉर्डातल्या नळाला पाणी आलं. आधी लाल, गढूळ, खोकल्यासारखं, मग स्वच्छ. बायकांनी ताटं वाजवली. नर्सनं पहिली ओंजळ भरली आणि सरळ माझ्या तोंडावर मारली. मग काय, कुणी कोरडं राहिलं नाही. पाळकसुद्धा नाही.

नॉटिंगहॅमला परतल्यावर माझ्या वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, ‘मग? किती लोकांना ख्रिस्ती केलंस?’ मी म्हटलं, ‘एकालाही नाही. पण एका सासूबाईंनी आमच्या प्लंबरना बरं केलं.’ तिला वाटलं मी थट्टा करतेय. मला त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर आजही देता येत नाही. मी तिथे काम केलं, प्रार्थना केली, पोटभर हसले, आणि ज्यांच्यासाठी गेले त्यांनी मला घरच्यासारखं वागवलं. आमच्या गावातल्या त्या लालबुंद मडमांचीही मला वेगळ्या तऱ्हेनं आठवण येऊ लागली. त्यांनाही पहिल्या दिवशी बाजारात कुणीतरी काहीतरी भलतंच समजलं असेल. त्याही रात्री खोलीत जाऊन हसल्या असतील, किंवा रडल्या असतील. आईला हे विचारायला मी पुढच्या वर्षी नगरला गेले. ती म्हणाली, ‘रडायच्या. मी चहा नेऊन द्यायची.’

सत्तरच्या दशकात मी आणखी तीनदा आफ्रिकेत गेले. त्यातल्या एका खेपेला नुकतंच माझं लग्न झालं होतं. नवरा ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात इंजिनियर, पुण्याचा, देवळात फारसा न जाणारा आणि चर्चमध्ये मुळीच न जाणारा. लग्नानंतर कुठे फिरायला जायचं यावर आमची बोलणी चालली होती. तो म्हणाला स्कॉटलंड. मी म्हटलं, हॉस्पिटलचा जनरेटर बंद पडलाय. त्यानं विचारलं, ‘कोणत्या बनावटीचा?’ पुढचा महिना तो ग्रीसनं माखलेल्या हातांनी, तोंडात पाना धरून, जनरेटरखाली आडवा होता, आणि मी वॉर्डात. मैत्रिणी अजून विचारतात, हनिमूनचा एकही फोटो कसा नाही गं? आहे ना एक. त्यात त्याचे फक्त पाय दिसतात.