जपानी कोड्यांच्या बाई

"आधी फुली, मग रेघ," बाई म्हणायच्या. डबा खाऊन झाला की चष्मा कपाळावर सरकवून त्या कोडं पुढ्यात घ्यायच्या.

सिकंदराबादच्या एका सरकारी कारखान्यात आम्ही दोघी यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचो. बाई तीस वर्षं मुरलेल्या. मी नवखी, त्यात हंगामी.

कोड्यांचं पुस्तक त्यांना एका रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत सापडलं होतं. सगळं जपानीत. पानभर ठिपके, मधे मधे आकडे. बाईंनी मागची उत्तरं बघून नियम हुडकले. आकडा म्हणजे भोवतीच्या चार ठिपक्यांच्या घराला किती बाजूंनी रेघ आहे ते; रेघ नाही तिथे फुली. आणि सगळ्या रेघा मिळून एकच बंद कडं झालं पाहिजे.

"शून्य दिसलं की चारी बाजूंना फुल्या. कोपऱ्यात तीन असला की कोपऱ्याच्या दोन्ही रेघा पक्क्या. आता सांग, जपानी कायकू पाहिजे?"

एकदा मी अंदाजानंच कडं जुळवलं. बाईंनी पान उजेडात तिरकं धरलं, खोडलेल्या रेघांचे वळ पाहिले आणि सगळं पुसून टाकलं. "अंदाज नक्को गे. नकाशात अंदाज केलास तर तिकडे लोखंड वाया जातं."

मग एका हिवाळ्यात त्यांच्या कोड्यातल्या रेघा थरथरू लागल्या. तुमच्याही ते नजरेतून सुटलं नसतं. मीच त्यांचे नकाशे शाईनं गिरवायला लागले. बाई कागद माझ्या टेबलावर ठेवून चहाला जायच्या, परत येऊन कोपऱ्यात सही करायच्या. त्याबद्दल दोघींनी कधी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संगणक आले, आणि स्वेच्छानिवृत्तीचे अर्जही. संगणक शिकायला एकीलाच पाठवणार होते. दुसरीची जागा जाणार. साहेबांनी बाईंचे ताजे नकाशे पसरले. "अम्मा, ऐसा हाथ किसका नहीं. आपइच जाओ."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. सगळ्यांना दिसेल असे ते कापत होते.

"साब, छे महिने से ये हाथ इस बच्ची का है."

बाहेर आल्यावर मी रडतच विचारलं, "कशाला सांगितलंत?"

"दुसरीच्या रेघेवर आणखी किती दिवस सही करू गे?"

शेवटच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथला पहारेकरी येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासायचा. बाईंची त्यानं कधीच तपासली नव्हती. त्या दिवशी बाईंनी स्वतःच ती त्याच्यापुढे उघडली. आत डबा आणि निरोपाची शाल.

"आज तो देखो भाई."

त्यानं मान फिरवली. "आप पे क्या शक? जाओ अम्मा."

बाई पिशवी उघडी धरून तशाच उभ्या राहिल्या.