भंडाऱ्यातला पैसा

भंडाऱ्याचा वास आला की मला सणसरचा एक देव्हारा आठवतो. नव्वदच्या दशकात मी बारामतीत नोकरीला होतो आणि टाकसाळीत चुकलेली जुनी नाणी जमवायचं मला वेड होतं. आमचा शिपाई जवळच्या सणसर गावचा; त्याच्या आईनं देव्हाऱ्यात तांब्याचा एक पैसा पुजला होता. एका बाजूला राजाचा उठावदार मुखवटा, दुसऱ्या बाजूला तोच मुखवटा उलटा, आत दबलेला, आणि त्या खळगीत भंडारा साचलेला. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की क्वचित असं होतं. मला तो हवाच होता, म्हणून म्हणालो, "मावशी, हे नाणं सदोष आहे. देवात ठेवू नये." आठवड्यानं बदल्यात द्यायला देवाची मूर्ती कोरलेला चांदीचा टाक घेऊन गेलो, तर जागा रिकामी. "खंडित देव घरात ठेवत न्हाईत, कालव्यात सोडला," ती म्हणाली. "बरं झालं तुमी सांगितलं. सासूबाईंच्या आधीपासनं पुजत हुतो." तिनं माझ्या कपाळाला भंडारा लावला. खरं सांगायला जीभ रेटली नाही, टाकही खिशातून निघाला नाही. तो अजून माझ्या चुकलेल्या नाण्यांच्या डब्यात आहे. त्या डब्यात निर्दोष असं तेवढंच.