लेस्टर मिहालिकची ब्लिट्झ

हॅडली फोर्ज गावात लेस्टर मिहालिकला दोन गोष्टींचा वीट आला होता. एक स्वतःचे गुडघे आणि दुसरा ‘ब्लिट्झ’ हा शब्द. गुडघे निदान बसल्यावर गप्प राहत. नोव्हेंबरात शाळेचा संघ शेवटच्या खेळीत हरला, तेव्हापासून न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, ईस्टरच्या आधीच्या उपासात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शुक्रवारी मासे तळतात त्या रांगेतसुद्धा कोणी ना कोणी विचारायचंच, “काय लेस्टर, आजपण ब्लिट्झ का?” आणि लेस्टर ताट पुढे करून म्हणायचा, “कोबी जरा जास्त घाल.”

जन्मभर त्याने हिवाळ्यात नगरपालिकेचा मिठाचा ट्रक चालवून रस्त्यावरचा बर्फ वितळवला, आणि पानगळीत शाळेच्या पोरांना फुटबॉलमधला, म्हणजे हाताने चेंडू फेकायच्या अमेरिकी फुटबॉलमधला, बचाव शिकवला. मुख्य कोच आले आणि गेले. काही पुढच्या मोठ्या शाळेत, एक बायकोच्या माहेरी. बचाव मात्र लेस्टरचाच. आता ट्रक सुटला होता. राहिली होती ती शुक्रवारची संध्याकाळ, मैदानावरचे दिवे, आणि त्या रेषेच्या कडेला उभं राहायची त्याची जागा. थकवा हाडांत मुरला होता, पण ती जागा सोडवत नव्हती. घरी बसून शुक्रवारी माणसाने करायचं काय?

ब्लिट्झ म्हणजे काय, यावर तो माणूस एरवी भांडायला तयार असे. बचावातली पुढची चार धिप्पाड पोरं चेंडू फेकणाऱ्यावर चालून जातात. ते त्यांचं रोजचंच काम. बाकीचे मागे राहून राखण करतात. राखणीवरचा एखादा आपली जागा सोडून त्या चौघांबरोबर घुसला की झाली ब्लिट्झ. मारला तर हत्ती, नाहीतर मागे रान मोकळं. इथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढे होता, आणि तो बहुधा ऑगी न्हाव्याच्या खुर्चीत व्हायचा.

“पाचवा घुसला की ब्लिट्झ,” ऑगी कात्री वाजवत म्हणे. “टीव्हीवाले तसंच मोजतात.”

“टीव्हीवाल्यांना बोटं मोजता येतात, खेळ नाही,” लेस्टर म्हणे. “हे बघ, माझ्या पोराने समोरच्या संघातल्या एका गड्यावर नजर ठेवायची आहे. तो गडी धावलाच नाही, आपल्या फेकणाऱ्याला सांभाळत मागेच थांबला. मग माझं पोर तिथे उभं राहून काय कणसं राखणार? ते जातं पुढे. ही ब्लिट्झ नाही. रिकामे हात कामाला लावले, एवढंच. मी आधी सांगून पाठवलं तर ब्लिट्झ.”

“आणि पुढचा एक मागे आला, मागचा एक पुढे गेला तर?”

“गेले किती? चारच ना? मग नाव कशाला मोठं देतोस?”

“लेस्टर, तुझं सगळं ऐकलं तर जगात कोणी ब्लिट्झ केलीच नाही म्हणायची!”

दुकान हसायचं. लेस्टरही हसायचा. हे नोव्हेंबरापूर्वीचं.

नोव्हेंबरात झालं ते असं. सामना संपत आलेला, हॅडली फोर्ज थोडक्यात पुढे. लेस्टरने साधाच बचाव सांगितला: चार पुढे, बाकी सगळे आपापल्या जागी. मधल्या राखणीवर कोडी युर्को होता, शेवटच्या वर्षाचा, बैलासारखा ताकदवान आणि स्वभावाने गाय. त्याचा गडी मागे थांबलेला दिसला आणि कोडी सुटला. गडी थांबलेला नव्हता, तसं नाटक करत होता. कोडी पुढून जाताच तो हळूच बाजूला सरकला, छोटीशी फेक झेलली, आणि त्याच्यासमोर शेवटच्या रेषेपर्यंत चिटपाखरू नव्हतं. जाण्याआधी क्षणभर थांबून गड्याचे पाय बघायचे, हे लेस्टर दर मंगळवारी घसा फुटेपर्यंत शिकवायचा. कोडी थांबला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत स्थानिक पेपरचा माणूस आला. कोपऱ्यात कोडी हेल्मेट न काढता भिंतीकडे तोंड करून बसला होता. पत्रकाराने विचारलं, “शेवटी ती ब्लिट्झ होती का?”

लेस्टरला गावातला जुना खेळाडू वॉल्ट आठवला. वॉल्टच्या हातून तरुणपणी एक चेंडू सुटला होता. गावाने त्याला ‘लोणीहात्या’ म्हटलं ते म्हातारपणापर्यंत. वॉल्ट गेला तेव्हा पाद्रीबाबांनी अंत्यविधीच्या प्रवचनात त्या चेंडूचा उल्लेख केला. प्रेमाने केला, पण केलाच.

“ब्लिट्झ होती,” लेस्टर म्हणाला. “मी सांगितली. चुकली.”

झालं. गावाला खापर फोडायला डोकं मिळालं आणि ते फुटलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा तर सुकाळच. सगळ्यात मोठा आवाज गॅरी युर्कोचा, कोडीच्या बापाचा. आपलं पोर उघड्यावर पाडलं या म्हाताऱ्याने, असं तो जाईल तिथे सांगे.

मार्चमध्ये लेस्टर टायर बदलायला गेला, तर दुकानात कोडीच कामाला. गाडीखालून मान न काढता पोरगा म्हणाला, “कोच, तुम्ही मला पाठवलं नव्हतं.”

“बोल्ट नीट आवळ.”

“मी बाबांना सांगतो. खरंच सांगतो.”

“आणि मी तोंडावर पडू? माझा शब्द पेपरात छापून आलाय, बाळा. गप काम कर.”

कोडी बोल्ट आवळत राहिला. पोर वाळलं होतं, ते लेस्टरला दिसलं. घरी आल्यावर तो अर्लीनला, बायकोला, एवढंच म्हणाला, “ओझं मी घेतलं म्हणून त्याचं हलकं झालं असं नाही गं.” ती म्हणाली, “मग खाली तरी ठेव.”

मग नवा मुख्य कोच आला, ब्रिंकर. तिशीतला, नीटस. शाळा समितीने त्याला आधीच बजावलं होतं, शेवटच्या खेळीत ब्लिट्झ करणारा माणूस नको. ब्रिंकरने एका दुपारी लेस्टरला बोलावून भिंतीवरच्या पडद्यावर त्या खेळीची फिल्म लावली. पुन्हा मागे नेली, पुन्हा लावली.

“ही ब्लिट्झ नाही,” तो म्हणाला. “बाकी सगळे जागेवर आहेत. ब्लिट्झ सांगितली असती तर या पोराची जागा भरायला कोणीतरी सरकलं असतं. तो त्याच्या मनाने गेलाय.”

लेस्टर पडद्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्या शब्दाचा त्याच्यासारखाच अर्थ लावत होता. त्याला रडू येईल असं वाटलं.

“लेस्टर, मला तुम्ही हवे आहात. समितीपुढे एवढंच म्हणा, मी ब्लिट्झ सांगितली नव्हती. पुढचं मी बघतो.”

“आणि लोक विचारतील, मग कोणी केली?”

ब्रिंकरने पडद्यावरची खेळी बंद केली.

मे महिन्यात शाळेच्या भोजनगृहात समितीची बैठक भरली. लांब टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अर्ध्या गावाची गर्दी. कोडी बापाशेजारी बसला होता. अध्यक्षीण डोरीन बाई चांगल्या होत्या. ट्रक चालवायचा तेव्हा लेस्टर त्यांची गल्ली आधी साफ करायचा.

“लेस्टर,” त्या म्हणाल्या, “नव्या कोचचं म्हणणं आहे की गावाचा काहीतरी गैरसमज झालाय. तुझ्या तोंडून ऐकू दे. ती ब्लिट्झ होती का?”

ब्रिंकर त्याच्याकडे टक लावून बघत होता. लेस्टरला शुक्रवार दिसला, दिवे दिसले, ओल्या गवताचा वाससुद्धा आला. त्याला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की त्याचीच त्याला लाज वाटली.

“होती,” तो म्हणाला.

गॅरी ताडकन उठला. “ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने बोलला! माझं पोर धड जेवत नाही, रात्र रात्र जागं असतं. त्याने तू सांगितलंस तेच केलं की नाही? बोल सगळ्यांपुढे!”

“हो, गॅरी. मी सांगितलं तेच केलं. एवढा गुणी पोरगा मला कधी मिळाला नव्हता.”

ब्रिंकरने मान खाली घातली. हात वर झाले, ठराव झाला, लेस्टरचं काम गेलं. त्या आवाजात कोडीने टेबलावर डोकं टेकलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. गॅरीला वाटलं, पोराला अखेर न्याय मिळाला. तो कोडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “झालं बाळा, झालं आता.”

लेस्टरला त्या पोराजवळ जायची फार इच्छा झाली. पण तिथे आता बापाचा हात होता. तो मागच्या दाराने बाहेर पडला.