दप्तरात राहिलेला पंप

ओलं पोतं जळाल्याचा वास आला की खामगावच्या आमच्या इंग्रजी शाळेतली जानेवारीची ती सकाळ आठवते. आगीचा सराव होता, धुरासाठी ओली पोती पेटवली होती. फोटोत सगळे सारखे दिसावेत म्हणून रंगीबेरंगी स्वेटर काढायला लावले होते, आणि धुरात कुडकुडत आम्ही मैदानावर पाहुण्यांची वाट बघत होतो. "खरी आग असती त शेकता तरी आलं असतं बे," मागून कोणीतरी म्हणालं. माझ्या शेजारच्या, दमा असलेल्या मुलीला धाप लागली. "मॅडम, पंप दप्तरात राहिला, आणू का?" तिनं विचारलं. "जळाला समज. आत आग आहे." पाहुणे आमच्या शिस्तीचं कौतुक करत होते तेव्हा तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेत होते. ती वाचली, पण शाळेत परत आली नाही. आता ऑफिसात असा सराव असला की मी पर्स उचलूनच जिना उतरते, आणि कोणी हटकलं तर ऐकू न आल्यासारखं करते.