पेरणीपर्यंत दिलेली वाट

आमचं गाव बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीच्या बाजूला. गावातून शहरात शिरायच्या रस्त्यावर ओढ्याचा एक जुना पूल होता. तो पाडून रुंद करायचा म्हणून दिवाळी झाल्या झाल्या रस्ता बंद केला. पत्रे उभे केले, त्यावर कन्नडमध्ये मोठा बोर्ड आणि खाली पर्यायी रस्त्याचा बाण. बाण दाखवत होता सरळ गटारीकडं. पहिल्या दिवशी त्या बाणापुढं स्कूटर उभी करून मी मोठ्यानं म्हटलं, "ह्यात उतरू व्हय रं आता?" शेजारचा दूधवाला हसला आणि त्यानं गाडी मागं वळवली.

मी बेळगावात एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. खरेदीखत, संमतीपत्र, वाटणीपत्र, नोटिसांना उत्तरं, सगळं माझ्या हाताखालून जातं. एरवी घरातून निघाले की पंधरा मिनिटांत कोर्टाच्या आवारात. पूल बंद झाला आणि सगळा खेळखंडोबा झाला. हायवेवर चढा, सर्व्हिस रोडनं उलटं या, मार्केट यार्डाच्या मागनं भाजीच्या गाड्यांतून अंग चोरत निघा, पुढं आणखी दोन सिग्नल. उसाच्या ट्रॉल्या सुरू झालेल्या. एखादी पंक्चर होऊन आडवी पडली की तास गेलाच म्हणून समजायचं. रोज उशीर व्हायचा आणि वकीलसाहेब काही न बोलता घड्याळाकडं बघायचे. त्यापेक्षा बोललेले बरे, असं मला वाटायचं.

माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. कुठल्या गल्लीतून निघता येतं ते मी शोधून काढायला लागले आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागले. "आज सर्व्हिस रोडला येऊ नका, ट्रॉली पडलीय. देवळाच्या मागच्या बोळातून या. म्हशी बांधलेल्या आहेत, हॉर्न मारू नका." बायका रस्त्यात थांबवून विचारायच्या, "आक्का, आज कुठनं जायचं ओ?" पोरं मला ट्राफिक आक्का म्हणायला लागली. मी वरून रागवायचे, आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू!

अशात एका रविवारी अण्णा घरी आला. अण्णा म्हणजे माझा चुलत भाऊ, थोरल्या काकांचा मुलगा. मला सख्खा भाऊ नाही. भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळत आले. नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले तेव्हा भावकीत कुजबुज चालली होती. त्या वेळी हाच चार लोकांत म्हणाला होता, "घर तिचंच हाय, कोण काय म्हणतोय बघू." मला स्कूटर त्यानंच शिकवली. मागं धावत यायचा आणि ओरडायचा, "म्होरं बघ गं, माझ्याकडं काय बघतीस!" हे सगळं अशासाठी सांगते, की मला कुणी मूर्ख म्हणायच्या आधी अण्णाला माझ्या मनात काय जागा होती ते कळावं.

चहा-चिरमुरे झाल्यावर तो आप्पांना म्हणाला, "काका, तुमच्या रानातनं वाट दिली तर गावाची लई सोय हुईल बघा. तुमचा खालचा बांध फोडला की पलीकडं थेट कॉलनीचा रस्ता. पाच मिनिटांत शहरात."

आप्पा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेली, तरी अजून बैल ठेवून शेती करतात. आमच्यात वाट देण्याची जुनी रीत आहे. भात कापून झालं की रान मोकळं असतं. शेजाऱ्याला गाडी न्यायची असली तर बांध फोडून द्यायचा. पेरणी जवळ आली की मालकानं बाभळीची फांदी आडवी टाकायची. फांदी दिसली की वाट मोडली, मग कुणी पाऊल टाकत नाही. ह्याला ना कागद लागत, ना बैठक लागत.

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "देतो. पर धूळवाफेच्या आधी रान मोकळं पायजे." आमच्याकडं पावसाच्या तोंडावर कोरड्या मातीतच भात पेरतात, त्याला धूळवाफ म्हणतात. अण्णानं आप्पांचे पाय धरले. "शप्पथ काका. पेरणीआधी मी सोता बांध घालून देतो."

तो गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "तुझ्या साहेबांकडनं एक साधा कागद करून घेऊया काय गं? एवढं गाव जाणार रानातनं."

ह्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. "आप्पा, घरच्या माणसाकडनं कागद घेतात व्हय? त्याला काय वाटंल? लाज न्हाय वाटत तुम्हाला?"

दिवसभर लोकांचे कागद टाईप करणारी मी! सख्ख्या भावांची भांडणं वाचून वाचून डोळे दुखायला लागलेली मी! आप्पांनी परत कागदाचं नाव काढलं नाही. मला घाई झाली होती हेही खरं. मलाच रोज त्या वाटेनं वेळेवर ऑफिस गाठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नारळ फोडून बांध फोडला. काय सुख झालं म्हणून सांगू! घरातून निघायचं, भाताच्या खुंटांतून दोन मिनिटं गचके खायचे की कॉलनीचा डांबरी रस्ता. शाळेची पोरं, दूधवाले, कारखान्यात पाळीला जाणारे, सगळे आमच्या रानातून जायला लागले. जाता जाता आप्पांना हात करायचे. आप्पाही बांधावर बसून हात वर करायचे.

महिन्याभरानं अण्णानं दोन ट्रॅक्टर मुरूम आणून वाटेवर टाकला. आप्पांचं तोंड उतरलं. मुरूम पडलेली जमीन परत भाताला आणायची म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच ठाऊक. मी मात्र अण्णाचीच बाजू घेतली. आदल्या दिवशी एक बाई पोरासकट घसरली होती. "काढंल की तो नंतर, शब्द दिलाय न्हवं?" असं म्हणून मी आप्पांना गप्प केलं.

मग अण्णा मला म्हणाला, "अगं, काही लोक लाजायल्यात दुसऱ्याच्या रानातनं जायला. तू एक मेसेज टाक की ग्रुपवर. तुझं ऐकत्यात सगळी."

मी फुगले. तिथंच उभ्या उभ्या टाईप केलं. "ही वाट आता सगळ्या गावाची आहे. कुणाला विचारायची गरज नाही. बिनधास्त या-जा करा." खाली हात जोडल्याचं चित्र. त्यावर पन्नासेक अंगठे आले. अण्णानं पहिला दिला.

मे महिन्यात पूल झाला. पत्रे निघाले, रस्ता सुरू झाला, आणि मीच ग्रुपवर बातमी टाकली. दोन दिवसांनी आप्पांनी बाभळीची फांदी ओढत नेऊन वाटेवर आडवी टाकली. सकाळी बघतो तर फांदी बांधाखाली फेकलेली. कुणी पोरांनी टाकली असेल म्हणून परत टाकली. परत फेकली. तिसऱ्या दिवशी आप्पा अण्णाला सांगायला गेले, तर तो घरात असून नाही म्हणून सांगितलं. त्याच्या चपला उंबऱ्यापुढं होत्या, असं आप्पा म्हणाले. मी तरी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या असतील.

आठवड्यानं तहसीलदार कचेरीची नोटीस आली. कन्नडमध्ये. आप्पांनी ती माझ्या हातात दिली आणि समोर बसले. मला कन्नड येतं, पण सरकारी कन्नड अक्षर लावून वाचावं लागतं. वाट पूर्वापार लोकांच्या वहिवाटीची आहे, मालक ती बेकायदा अडवतोय, तिची रस्ता म्हणून नोंद व्हावी, असा अर्ज होता. खाली सह्या. पहिली सही अण्णाची.

"कुणाची हाय सही?" आप्पांनी विचारलं. मी सहीवर अंगठा ठेवला. त्यांनीच कागद घेतला, डोळ्याजवळ धरला आणि बराच वेळ बघितला.

मी तशीच त्याच्या घरी गेले. ह्या वेळी तो अंगणातच होता. म्हटलं, "पूर्वापार? दिवाळी झाल्यावर नारळ फोडला तू! पाय धरलेस आप्पांचे!"

तो शांत होता, त्याचाच मला जास्त संताप आला. "कागदावर असंच लिवावं लागतंय. तू वकिलाकडं असतीस, तुला काय सांगायचं? तुमच्या रानाला लागून माझं रान हाय, त्यात प्लॉट पाडलेत. रस्त्याबिगर कोण घेणार? कडंची एक पट्टी जाईल तुमची. तेवढ्यानं काय उपाशी मरतासा?"

"कडंची? मधनं गेलीय ती! दोन तुकडे झालेत रानाचे!"

"तुला भाऊ म्हणून सांगतो, कोर्टकचेरीत पडू नको. आप्पांचं वय झालंय."

भाऊ म्हणून! मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अख्खी गल्ली दारात आली होती. विश्वासघात हा शब्द मी ऑफिसात शंभरदा टाईप केला असेल. आमच्या नोटिसांत तो ठरलेल्या जागी येतो. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्या घरचा झाला.

वकीलसाहेबांनी आमचं काम हातात घेतलं. म्हणाले, "पूर्वापार वहिवाट सिद्ध करणं सोपं नाही. घाबरू नका." मी आप्पांना तेच सांगितलं. सुनावणीच्या दिवशी आप्पा धुतलेलं धोतर, टोपी घालून आले आणि मागच्या बाकावर बसले. अण्णाच्या वकिलानं एक छापील कागद पुढं केला. माझा नंबर, माझा मेसेज, हात जोडल्याच्या चित्रासकट. कारकुनानं तो मराठीत मोठ्यानं वाचला. "ही वाट आता सगळ्या गावाची आहे. कुणाला विचारायची गरज नाही."

"हा नंबर कुणाचा?" तहसीलदारांनी विचारलं.

"माझा," मी म्हटलं.

मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. साहेबांनी बरंच सांगितलं, जागा मुलीच्या नावावर नाही, तिला अधिकार नव्हता, अडचणीच्या काळापुरती सोय होती. सगळं लिहून घेतलं गेलं. निकाल लागेपर्यंत वाट आहे तशी ठेवावी, अडवू नये, असं ठरलं. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची.

बाहेर आल्यावर मी आप्पांना म्हटलं, "मला काय माहीत असा करंल म्हणून? माझ्या हातानं लिहून घेतलं त्यानं." आप्पांनी टोपी काढून घाम पुसला. "चल, बस चुकंल," एवढंच बोलले. माझी स्कूटर तिथं उभी होती, पण ते बसनं गेले.

पेरणीला मी रजा काढली. माणसं कमी होती म्हणून बैलांपुढं मी चालत होते आणि मागं आप्पा पेरणीची कुरी धरून. वाट आली की कुरी उचलायची, मुरूम ओलांडायचा, पलीकडं पुन्हा टेकवायची. पाच-सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला बैल नेमके मुरमावर थांबले आणि कॉलनीच्या बाजूनं एक स्कूटर आली. बाई अनोळखी होती, पुढं दप्तर, मागं मुलगी. तिनं हॉर्न दिला. परत दिला.

"आजोबा, रस्त्यात बैलं कशाला उभी केलीसा? सरा की!"

माझं टाळकंच फिरलं. "रस्ता न्हवं हा! रान हाय आमचं! पूल सुरू झालाय की, तिकडनं जायला काय हुतंय?"

ती बाई घाबरली. "तसं न्हवं ओ आक्का," ती म्हणाली, "आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आलतं, ही वाट सगळ्यांची हाय म्हणून. म्हणून आलो आम्ही."

मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आप्पा बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"तिच्यावर कशाला वरडतीस? तिला बोलावलं कुणी?"

मग त्यांनी कुरी उचलली, बैल मागं घेतले आणि स्कूटर जाईपर्यंत आपल्याच रानात बाजूला उभे राहिले.