मोरपंखी शेळ्या

हसायचं ते आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मी मधे थांबणार नाही. ही फजिती माझी स्वतःची आहे आन् तिचे साक्षीदार अजून आमच्या कडा गावात हिंडत्यात. त्यातले बरेचसे चार पायांचे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. रिटायर झाल्यावर माणसानं करायचं काय? घरामागं पत्र्याचं शेड होतं, त्यात माझी जुनी स्कूटर गंजत पडलेली. म्हटलं, हिला आपण स्वतः रंग द्यायचा. ब्रशनं नाही बरं का, स्प्रेनं. एकदम शोरूमसारखा. नगरला जाऊन हवेचा कंप्रेसर आणला, स्प्रे गन आणली आन् रंग निवडला मोरपंखी.

कंप्रेसर सुरू केला की गल्लीला वाटायचं, मास्तरनं पिठाची गिरणी टाकली. पहिल्या दिवशी एक बाई खरंच ज्वारीचा डबा घेऊन आलती.

पहिला हात मी शेडाचं दार लावून मारला, धूळ बसू नये म्हणून. थिनरच्या वासानं असं डोकं गरगरलं की दार कुठल्या बाजूला आहे तेच सुचंना. कसाबसा बाहेर आलो, तर आमची बायको सुमन दारातच उभी. म्हणाली, "मरायचंच असलं तर अंगणात येऊन मरा. आत शोधत बसायला लावू नका."

मग मी हवेचा अभ्यास सुरू केला. मोबाइलवर बघून बघून डोळे सुजले. शेवटी मागच्या भिंतीला भोक पाडून हा एवढा मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला आन् पुढच्या दाराला खाली जाळी लावली. उदबत्ती पेटवून बघितली, तर धूर सरळ रेघ मारावी तसा पंख्यातून बाहेर. जो चहाला येईल त्याला मी शेडात नेऊन उदबत्ती दाखवायचो. हवा हिकडून आत, तिकडून बाहेर. आता बाहेर म्हणजे कुणाकडं, हा प्रश्न काही मला सुचला नाही.

त्या भिंतीपलीकडं भानुदासतात्याचं आवार. तात्या शेळ्यामेंढ्या राखणारा, माझ्याहून वयानं थोडा मोठा, बोलायला कमी. शेळ्या बहुतेक पांढऱ्या. दुपारी रानातून आणल्या की माझ्याच भिंतीच्या सावलीला बसायच्या आन् तात्या आत जाऊन भाकरी खाऊन आडवा व्हायचा. माझीही रंगकामाची वेळ तीच.

दोनतीन दिवसांनी तात्या आला. चहा नको म्हणाला, तेव्हाच मला कळलं की कायतरी बिघडलंय.

"मास्तर, जरा येता का? शेळ्यायला काय झालंय समजंना."

गेलो. बघतो तर काय, पांढऱ्या शेळ्या एका अंगानं निळसर पडलेल्या. मी चष्मा लावला. एकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. कशापायी बघितली, ते विचारू नका. डॉक्टर बघत्यात म्हणून बघितली. मग सांगून टाकलं, तात्या, ही साथ दिसतीय. नवीन आहे. दुसऱ्याच्या जनावरात मिसळू देऊ नका.

आता वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला माझा आवाज. सांजच्याला निम्म्या गावाला माहीत झालं. दुसऱ्या दिवशी तळ्यावर बाकीच्या राखणाऱ्यांनी तात्याला अडवलं. शेळ्या हिकडं आणायच्या नाहीत म्हणाले. जन्मभर त्याच तळ्यावर पाणी पाजलेला माणूस, मान खाली घालून माघारी आला आन् घरून बादल्या वाहायला लागला. मला लई वाईट वाटलं. मग मनाला बरं वाटावं म्हणून दुपारी शेडात गेलो आन् स्कूटरला अजून एक हात मारला.

सकाळी साथ वाढलेली!

तात्याच्या घरात कुणी धड जेवलं नाही. मीच फोन करून आष्टीहून जनावरांच्या डॉक्टरला बोलवलं. भिंतीपाशी हीऽ गर्दी, तळ्यावरचे राखणारेही लांब उभे राहून बघायला. डॉक्टरांनी ताप बघितला, तोंड उघडून बघितलं. म्हणाले, जनावर तर ठणठणीत आहे, हा निळा रंग कशाचा?

माझ्यातला चित्रकलेचा मास्तर गप्प बसतोय का? मी म्हणालो, "निळा नाही डॉक्टर, मोरपंखी."

डॉक्टरांनी स्पिरिटचा कापूस शेळीच्या अंगावर घासला. कापूस मोरपंखी झाला. त्यांनी तो नाकाजवळ नेला आन् माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, रंगाचं नाव एवढं नेमकं कसं काय सांगितलं?"

"डब्यावर लिहिलंय," मी म्हणालो.

तोंडातून शब्द गेला आन् मग डोक्यात उजेड पडला. सगळ्यांनी हळूहळू माना वर केल्या. मीही केली. वर माझा पंखा. त्याच्या पात्यांवरून भिंतीवर मोरपंखी ओघळ उतरलेले, आन् बरोबर खाली शेळ्या.

मी तात्याच्या शिव्या खायला तयार होतो. त्यानं फक्त कंबर दाबली.

"पाणी वाहून वाहून कंबरडं मोडलं माझं. आता चला तळ्यावर, आन् तुमच्या तोंडानं सांगा."

गेलो. पुढं मी, मागं शेळ्या, त्यांच्या मागं तात्या. काठावर उभं राहून सगळं कबूल केलं. राखणाऱ्यांनी वाट दिली. एकजण तर हसता हसता पाण्यात बसला. मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं साबण घेऊन एकेक शेळी मीच धुतली. त्यांनीही मला शिंगांनी पोचपावती दिली.

पुढं पंख्याला कापडाची गाळणी लावली, वर छपराच्याही वर जाणारा पाइप बसवला आन् स्कूटर एकदाची पुरी केली. पण कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं असतं, हे मला काय माहीत? हवेबरोबर तेही उडालं. कुठं फोड, कुठं ओघळ, मडगार्डवर तर देवी आल्यासारखे वण.

तात्याला मुद्दाम बघायला बोलवलं. त्यानं स्कूटरभोवती एक चक्कर मारली. मडगार्डवरून हात फिरवला.

मग म्हणाला, "शेळ्यायवर झ्याक बसलता."