कडूबाईंचा हात

आमच्या चुलतीला, कडूबाईला, आख्ख्या शेवगाव तालुक्यातून माणसं शोधत यायची. सरकलेली बेंबी जागेवर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पैशाला शिवायची नाही, वर चहा पाजायची. जीभ मात्र तिखट.

त्या दुपारी माझ्या बायकोच्या, निकिताच्या, उजव्या बरगडीखाली कळ आली. मी तिला चुलतीकडे नेलं. चुलतीनं पोटाला हात लावला आणि लगेच काढला.

"ही बेंबी न्हाई, वैजनाथ. पोट दगडावानी झालंय. दवाखान्यात ने."

दारात कांद्याचा टेम्पो अर्धा भरून उभा होता. दवाखाना म्हणजे दिवस गेला. मी हट्टालाच पेटलो. "काकू, लई जणांना बरं केलं तुमी. जरा चोळा तर!"

ती नको नको म्हणत होती. शेवटी तेलाचं बोट घेऊन हलकेच चोळलं. निकितानं किंकाळी फोडली आणि तिचे डोळे पांढरे झाले. माझ्या पाचावर धारण बसली. त्याच टेम्पोतले कांदे उतरवून तिला नगरला नेलं.

"यकृतावर गाठ आहे, साधी दिसतेय, कॅन्सरची नाही," सर्जन म्हणाले. "पण ती फुटलीय. पोटात रक्त साचलंय, आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. पोट कुणी दाबलं का?"

मी फरशीकडे बघत राहिलो.

"मी चोळलं," चुलती म्हणाली. "माजं चुकलं."

सगळ्यांदेखत डॉक्टरांनी तिला झाडलं. तिनं एका शब्दानंही माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. चार तास आम्ही एकाच बाकावर बसलो. दार वाजलं की मी उठून उभा राहायचो. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

निकिता वाचली. अशी गाठ कधीकधी आपोआपही फुटते, पण चोळणं जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते खाटेपाशी आले आणि पायथ्याशी उभ्या चुलतीकडे बोट दाखवून निकिताला म्हणाले, "पुन्हा या बाईंच्या हाती पोट द्यायचं नाही."

निकिताच्या नाकात नळी होती. तिनं मान हलवली, नाही, नाही. मग माझ्याकडे बघितलं. त्या दुपारचं आमचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं.

"गप पड गं," चुलती म्हणाली.



"डॉक्टर, काकू नकोच म्हणत हुत्या," मी म्हणालो. "मीच चोळायला लावलं."